फॅसिझम कुठल्या बाकावर?

संभाजीनगरच्या राजकारणात 'रझाकार' ही शिवी अजून चालते. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन झालं की तिला जरा धार येते. 'फॅसिस्ट' ही तिची थोरली बहीण, ती तर सगळेच सगळ्यांना देतात. मग वाद निघतो: फॅसिझम मुळात डावा की उजवा?

डावा म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. मुसोलिनी इटलीच्या समाजवादी पक्षाच्या 'अवांती' या पत्राचा संपादक होता. युद्धाची तरफदारी केली म्हणून १९१४ साली पक्षाने त्याला हाकललं. १९१९ मध्ये मिलानला त्याने नवी संघटना काढली, तेव्हाच्या जाहीरनाम्यात आठ तासांचा कामाचा दिवस होता, भांडवलावर कर होता. हिटलरच्या पक्षाच्या तर नावातच समाजवाद.

पण जाहीरनाम्यापेक्षा बाक बघावा. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या नकाराधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, विरोधक डाव्या. डावं-उजवं तिथून सुरू झालं. १९२१ मध्ये निवडून आलेला मुसोलिनी रोमच्या संसदेत टोकाच्या उजव्या बाकांवर बसला, आणि पहिल्याच भाषणात ते त्याने अभिमानाने बोलूनही दाखवलं. तोवर पो नदीच्या खोऱ्यात त्याच्या टोळ्या शेतमजूर संघटनांची कार्यालयं जाळत सुटल्या होत्या. पैसा बड्या जमीनदारांचा. १९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्तीचा खून झाला, १९२६ मध्ये संपावर कायद्याने बंदी आली. आठ तासांच्या आश्वासनावर भुललेल्या कामगाराला एवढ्यात उत्तर मिळालं असणार.

मराठी माणसाला ही इटली परकी नव्हती. विसाच्या दशकात 'केसरी' मुसोलिनीबद्दल कौतुकाने लिहीत होता. गोलमेज परिषदेहून परतताना हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे रोमला थांबले, १९ मार्च १९३१ रोजी मुसोलिनीला भेटले आणि बालिला या मुलांच्या संघटनेची कवायत पाहून भारावले. पुढे १९३७ मध्ये नाशिकला त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढलं. मुंजे यांना फॅसिझमच्या अर्थशास्त्रात फारसा रस दिसत नाही. त्यांना हवी होती ती शिस्तीत चालणारी पोरं.

तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यावर जे ओढवलं त्याचा मुंजे यांच्याशी संबंध नाही. इथला गणवेश दुसऱ्याच बाजूने आला. संस्थानातली मुसलमानांची संघटना इत्तेहाद-उल-मुसलमीन १९२७ ची. १९४६ मध्ये लातूरचा वकील कासिम रझवी तिचा अध्यक्ष झाला आणि रझाकारांची, म्हणजे तिच्या स्वयंसेवकांची, फौज फुगली. दख्खनमधली मुस्लिम सत्ता शेवटपर्यंत राखण्याची शपथ, शहरातल्या गरीब मुसलमान पोरांच्या हाती हत्यार, आणि प्रत्येक मुसलमान राज्याचा मालक ही शिकवण. राज्यात मुसलमान सुमारे १२ टक्के. खरी मालकी कुणाची होती? जवळपास ३० टक्के मुलूख जहागिरींत, आणखी १० टक्के निजामाच्या खाजगी सर्फ-ए-खासात. मालक म्हणवून घेणाऱ्या पोराच्या वाट्याला त्यातली गुंठाभर जमीन आली नाही. तेलंगणात कम्युनिस्टांनी शेतकरी उठवले तेव्हा रझाकार पोलिसांबरोबर उतरले ते जमीनदार देशमुखांच्या बाजूने, आणि हे देशमुख बहुतेक हिंदू. माझ्या मते बाकाचा निकाल इथेच लागतो.

तरी हिशेब सरळ नाही. मे १९४८ मध्ये निजाम सरकारने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली आणि हैदराबाद शहरातल्या काही कम्युनिस्टांनी चक्क आझाद हैदराबादची भाषा केली. दलितांतलेही काही पुढारी इत्तेहादबरोबर गेले. निजामाची बाजू घेऊ नका, असं बाबासाहेबांना १९४७ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं. उलट हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्ये रझाकारांशी सर्वांत नेटाने लढणाऱ्यांत औरंगाबादच्या गोविंदभाई श्रॉफांसारखे मार्क्सवाद वाचलेले लोक होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा संस्थानात घुसल्या, दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद ताब्यात आलं. त्यानंतर मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या, त्यातल्या बळींचा चौकशीला नेमलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड जिल्ह्यांना बसली. झेंडावंदनाच्या दिवशी रझाकारांचे अत्याचार सांगावेत, जरूर सांगावेत; पण हा आकडाही त्याच माइकवरून सांगावा.

रझवी तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानला निघून गेला. जहागिऱ्या मात्र रझाकारांनंतरही जवळजवळ वर्षभर टिकल्या. त्या खालसा झाल्या ऑगस्ट १९४९ मध्ये.