चिखलातली धाव : गोरेगाव ते सेनिओ

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे. त्याची सुरुवात कोणत्याही दफ्तरखान्यात होत नाही. ती गोरेगाव पूर्वेला, गेल्या जुलैतल्या एका रविवारी, आठ फुटी लाकडी भिंतीसमोर होते. धावत येऊन उडी मारायची, वरची कड पकडायची आणि अंग वर ओढायचे, एवढेच करायचे होते. मी तीनदा उडी मारली आणि तीनदा घसरून खालच्या चिखलात बसले. चौथ्या वेळी वरून एक हात आला. तो कोणाचा हे चेहऱ्यावरच्या चिखलामुळे तेव्हाही कळले नाही आणि पुढेही कळायचा प्रश्न आला नाही. त्या माणसाने मला वर ओढले, मग माझ्या मागच्या मुलीलाही, आणि आम्ही पलीकडे उतरलो तरी तो भिंतीवरच पाय अडकवून बसलेला होता.

पाच किलोमीटर, पंधरा अडथळे, दीड हजार रुपये प्रवेशशुल्क. काटेरी तारांखालून सरपटणे, पाठीवर वाळूची गोणी घेऊन चढण चढणे, दोरीला लटकणे, छातीइतक्या गढूळ पाण्यातून जाणे. घरी आल्यावर आईने बूट दाराबाहेरच काढायला लावले. इतिहासाच्या विद्यार्थिनीला मात्र दुसराच प्रश्न पडला होता : माणसांना असे चिखलात लोळवण्याची ही पद्धत आली कुठून?

उत्तर एका ज्वालामुखीपाशी जाते. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माँ पेले पर्वताचा उद्रेक झाला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत नष्ट झाले. सुमारे २८ हजार माणसे गेली. त्या वेळी बचावकार्यात असलेल्या फ्रेंच नौदलातल्या जॉर्ज एबेर या तरुण अधिकाऱ्याच्या मनावर या घटनेचा खोल ठसा उमटला. संकटात शरीर उपयोगी पडायचे असेल तर नुसत्या कवायतीने भागत नाही, या विचारातून त्याने पुढे 'नैसर्गिक पद्धत' नावाची व्यायामप्रणाली बांधली : चालणे, धावणे, उड्या, रांगणे, चढणे, तोल सांभाळणे, फेकणे, उचलणे, स्वसंरक्षण, पोहणे. उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा, हे त्याचे ब्रीद होते. फ्रेंच सैन्याचा अडथळ्यांचा मार्ग या विचारातून घडला, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे या खेळाच्या एका मुळाशी शर्यत नाही, बचाव आहे. हे वाचले तेव्हा मला भिंतीवर बसलेला तो माणूस आठवला.

पुढचा टप्पा सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धाने खंदक, काटेरी तारा आणि चिखल या तीन गोष्टी युद्धाच्या नकाशावर कायमच्या आणून ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंसाठी स्कॉटलंडमधल्या अखनाकॅरी येथे १९४२ मध्ये प्रशिक्षण केंद्र निघाले. तिथले दोरीचे पूल आणि थंडगार पाणी यांचे वंशज आजही जगभरच्या छावण्यांत आहेत. आपल्याकडे बेळगावचे नाव घेतले की मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र डोळ्यांसमोर येते. भारतीय सैन्याच्या कमांडो प्रशिक्षणासाठीही हेच गाव प्रसिद्ध आहे. सीमाभागातल्या कित्येक घरांत अडथळ्यांच्या मैदानाच्या गोष्टी जेवणाच्या पंगतीत सांगितल्या जातात.

नागरिकांनी हौसेखातर हे करणे ही त्यामानाने अगदी अलीकडची गोष्ट. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या पर्टन गावी बिली विल्सन या माजी सैनिकाने आपल्या शेतावर 'टफ गाय' नावाची स्पर्धा सुरू केली, तीही ऐन हिवाळ्यात. २०१० मध्ये अमेरिकेत 'टफ मडर' आणि 'स्पार्टन रेस' उभ्या राहिल्या. पैकी टफ मडरने सुरुवातीला वेळच मोजायचा नाही असे ठरवले. सहभागी होणाऱ्यांकडून ती 'ही शर्यत नाही' आणि 'मी इतरांना साहाय्य करीन' अशा अर्थाची प्रतिज्ञा म्हणवून घेई. मौज अशी की, साहाय्याची प्रतिज्ञा देणाऱ्या या कंपनीवर आपली कल्पना उचलल्याचा आरोप विल्सनने केला आणि प्रकरण पैशांच्या तडजोडीवर मिटले. आता तर आधुनिक पेंटॅथलॉनमधली घोडेस्वारी जाऊन तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ती दिसेल. तिथे अर्थात चिखल नसेल.

'हौशी' या शब्दापाशी थोडे थांबू. हौस हा आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेला शब्द. मुळात वासना, तीव्र इच्छा अशा अर्थाचा. मराठीत येऊन तो सोवळा झाला. इंग्रजीतला 'अ‍ॅमॅच्युअर' मात्र एके काळी चांगलाच ओवळेपणा पाळणारा होता. १८७९ मध्ये हेन्लीच्या नौकाशर्यतींसाठी 'हौशी' कोण याची जी व्याख्या केली गेली, तिने यांत्रिक कामगार, कारागीर आणि मजूर यांना वगळले होते. म्हणजे पोटासाठी हात वापरणारा माणूस हौशी असूच शकत नाही! कारण असे दिले जाई की त्याचे शरीर कामानेच कमावलेले असते. हे नियम पुढे गेले. पण चिखलात उतरण्यासाठी दीड हजार रुपये भरणारे आम्ही सारे रांगेत उभे होतो तेव्हा ही व्याख्या माझ्या मनातून हलत नव्हती.

आता तुमच्यापैकी अनेक जण ज्याची वाट पाहत असतील त्याकडे येते. होय, जुलै १६६०. पन्हाळ्याचा वेढा, मुसळधार पाऊस, विशाळगडाकडची रात्र, घोडखिंड आणि बाजीप्रभू. दरवर्षी जुलैत शेकडो तरुण पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चिखल तुडवत चालतात आणि तो अनुभव फार मोलाचा आहे. पण 'जगातली पहिली अडथळ्यांची शर्यत मराठ्यांनी धावली' असा मजकूर मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी पाठवते, त्यांना हात जोडून सांगते : तो जीव वाचवण्यासाठी आणि जीव देण्यासाठी केलेला प्रवास होता. त्याला खेळ म्हटल्याने खेळाची शान वाढत असेल कदाचित, त्या रात्रीची वाढत नाही.

मराठ्यांच्या इतिहासात धावणाऱ्या माणसाचा माग काढायचा असेल तर तो रणापेक्षा टपालात अधिक सापडतो. काशीद, जासूद, हरकारा. अठराव्या शतकातल्या पत्रव्यवहारात 'जासूदजोडी'चा उल्लेख वारंवार येतो : पत्र घेऊन दोन माणसे निघत. दोघे का, याचे स्पष्टीकरण पत्र लिहिणारे देत बसत नाहीत. ज्याला पावसाळी नदी ठाऊक आहे त्याला ते द्यावे लागत नाही. एक वाहून गेला तरी कागद पोचला पाहिजे. आपण पानिपतच्या मोहिमेविषयी जे काही जाणतो, त्यातले पुष्कळसे अशा पायांवरून आले आहे. आपल्याला पत्रे लिहिणाऱ्यांची नावे पाठ असतात; ती पोचवणाऱ्यांपैकी किती जणांची?

एका निरोप्याचे नाव मात्र इतिहासाने नीट नोंदवले आहे, आणि हा सारा धागा खरे तर त्याच्यासाठीच आहे.

९ एप्रिल १९४५. इटलीच्या उत्तर भागातली सेनिओ नदी. पात्र मोठे नाही, पण पुरापासून बचावासाठी दोन्ही काठांना उंच मातीचे बांध. जर्मन सैन्याने याच बांधांत मशीनगनच्या चौक्या खोदल्या होत्या आणि उतारांवर सुरुंग पेरले होते. संध्याकाळी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीने चढाई केली. एका कंपनीच्या कमांडरसोबत त्याचा 'रनर' होता : शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचा. वय २३. रनरचे काम साधे असते. तारा तुटतात, वायरलेस बंद पडते, तेव्हा निरोप पायांनी पोचवायचा.

हे पथक नदी उतरून पश्चिमेच्या काठावर चढू लागले तेव्हा गोळीबार सुरू झाला, आणि तो पाठीमागून. शत्रूच्या चौक्या ओलांडून आलेल्या पूर्वेच्या बांधाच्या आतल्या बाजूलाच होत्या. कंपनी कमांडर आणि दोन सैनिक जखमी झाले. नामदेव सोडून बाकीचे ठार झाले. अशा वेळी रनरने काय करायचे हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसावे. त्याने एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून परत नेले, निसरड्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधापलीकडे सुरक्षित ठेवले. मग तो पुन्हा गेला आणि दुसऱ्याला घेऊन आला. दोन्ही वेळा त्याच्यावर उखळी तोफांचा आणि मशीनगनचा मारा चालू होता.

इथे त्याचे काम संपले असते तरी त्याला कोणी बोल लावला नसता. त्याने तिसऱ्यांदा तो उघडा बांध ओलांडला, जवळच्या चौकीवर धावून गेला आणि टॉमीगनने ती बंद पाडली. हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना म्हणून ती टाकून दिली आणि हातबाँब काढले. त्यांनी आणखी दोन चौक्या संपवल्या. मध्येच बाँब सरले तेव्हा बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे घेतले. शेवटी पूर्वेच्या बांधावरची मशीनगन थांबली तेव्हा तो माथ्यावर उभा राहिला आणि युद्धघोषणा देत, हात हलवत उरलेल्या कंपन्यांना नदी ओलांडायला बोलावू लागला. उखळी तोफा चालूच होत्या. या कामगिरीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचा शिपाई अली हैदर यालाही हाच सन्मान मिळाला. दोन वर्षांनी त्या दोघांच्या मधून सीमा गेली.

पाणी, चढ, खांद्यावरचे ओझे, सरपटणे : सन्मानपत्रातले हे सारे तपशील वाचताना मला आमचे पंधरा अडथळे एकेक करून ओळखू येत होते. आमच्या वाळूच्या गोणीच्या जागी तिथे माणूस होता, एवढेच.

आता परत गोरेगावला. हे उपनगर चिखलाला नवखे नाही. मुंबईतल्या म्हशींचे गोठे शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने इथे आरे दुग्ध वसाहत वसली. ज्या चिखलाला शहर कंटाळले होते तो इथे आला, आणि आज शहरातली माणसे तो शोधत रविवारी इथे येतात. याच गोरेगावात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ८ आहे. पहाटे आसपासच्या रस्त्यांवर पळणारे सगळेच काही माझ्यासारखे हौशी नसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि राखीव बलासाठी पाच किलोमीटर धावावे लागते. आमच्या शर्यतीचे अंतरही नेमके पाच किलोमीटरच होते.

माझा मावसभाऊ जत तालुक्यातला. तिकडे चिखल ही चैनीची वस्तू आहे. जून २०२४ मध्ये भरतीच्या मैदानी चाचण्या ऐन पावसाळ्यात सुरू झाल्या, तेव्हा तो दुसऱ्या एका शहरात धावायला गेला होता. आदल्या रात्री एका दुकानाच्या फळीवर झोपला, कारण लॉज परवडणारा नव्हता. गणपतीत आम्ही भेटलो तेव्हा मी त्याला माझ्या शर्यतीचे फोटो दाखवले. पदक पाहून तो हसला. "पैसे भरून पडलीस होय गं?" म्हणाला. मग त्याने मला प्रथमच त्या दिवसाची गोष्ट सांगितली. तिसऱ्या फेरीत त्याच्या पुढचा मुलगा पाय घसरून आडवा पडला. दादा त्याच्यावरून उडी मारून पुढे गेला.

"थांबलो असतो तर गेलो असतो," तो म्हणाला. "न थांबता पण गेलोच. तीन मार्कांनी."

त्या मुलाचे पुढे काय झाले हे त्याला माहीत नाही. वळून बघायला सवड नव्हती, आणि चाचणी संपल्यावर सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसत होते.

मी त्याला भिंतीवरच्या त्या माणसाविषयी सांगितले. तो कसा बसून राहिला, एकेकाला कसा वर ओढत होता. दादाने बराच वेळ फोटो मोठा करून पाहिला. त्यात तो माणूस नव्हताच.

"त्याचा टाइम गेला असेल की सगळा," तो म्हणाला.

मी म्हटले, "त्याला टाइमचं काही नव्हतं, दादा."

"मग बरोबर," म्हणाला, आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.