पांजरपोळ आणि अभयारण्य

२०२४ च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यालगत एक बिबट्या दिसला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला हा किल्ला आता झाडझाडोऱ्याने भरून गेला आहे. लपायला भग्न भिंती आणि शिकारीला कुत्री असल्यावर बिबट्याला आणखी काय हवे? सुमारे पंचवीस दिवसांनी, एप्रिलमध्ये, तो पिंजऱ्यात सापडला आणि गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. 'सुटका' या शब्दाची गंमत अशी, की ती झाली गावाची. बिबट्याच्या वाट्याला मात्र पिंजरा आला.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. शब्दांपाशी थबकण्याची खोड जडलेली. प्राण्यांना आसरा देण्याच्या जागेला मराठीत दोन शब्द आहेत. एक 'पांजरपोळ', ज्याच्या पोटातच 'पंजर' म्हणजे पिंजरा आहे. दुसरा 'अभयारण्य', ज्यात अभय आणि अरण्य एकत्र नांदतात. पहिला शब्द व्यापारी पेठेतून आला, दुसरा कायद्याच्या भाषांतरातून रूढ झाला. मांजर पांजरपोळात आणि वाघ अभयारण्यात, अशी वाटणी वरवर सोपी दिसते. गेल्या दोनशे वर्षांत ती तशी टिकलेली नाही.

१८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, आणि पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल उसळली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. त्यामागे जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील जैन-हिंदू व्यापारी होते. मारणार असाल तर आम्हांला द्या, आम्ही पोसतो, अशी ती भूमिका. भूतदया आणि राजसत्तेला दिलेले उत्तर या दोन्ही गोष्टी तीत होत्या. आज मांजरांसाठी घरातल्या दोन खोल्या रिकाम्या करणाऱ्या माणसांची वंशावळ बहुधा इथपर्यंत पोहोचते. पण पोसणे म्हणजे कोंडून ठेवणेच का, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारला नाही. तो विचारला गेला फार उशिरा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी कुत्र्यांबरोबर मांजरांचाही विचार केला: शस्त्रक्रिया करा, आणि जिथून उचलले तिथेच परत सोडा. मांजर माणसापेक्षा जागेशी बांधलेले असते, हे कुठल्याही आजीला ठाऊक होते. कायद्याला ते कळायला वेळ लागला.

रानटी मार्जारकुळाच्या बाबतीत हाच धडा रक्ताच्या किमतीने शिकावा लागला. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर परिसरात ऊस वाढला आणि उसात बिबटे वाढले. फेब्रुवारी २००१ पासून तिथले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम सुरू झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिचा हिशेब आहे: मोहिमेपूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चार होते, नंतर ते सतरा झाले. परक्या मुलखात टाकलेले जनावर बिथरते आणि रिकाम्या झालेल्या जागी नवे जनावर येते. जे परत सोडता येणार नाहीत अशांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र झाले. म्हणजे पुन्हा पांजरपोळच, फक्त आतले रहिवासी बिबटे.

त्या केंद्राची खरी कमाई मात्र आम्हांला वेगळ्याच कामात दिसते. ऊसतोडीत बछडी सापडली की लोक ती अनाथ समजून उचलून आणत. (कित्येकदा ती बिबट्याची नसून रानमांजराची किंवा वाघाटीची असतात.) आता ती तपासून सांजेला त्याच फडात ठेवली जातात आणि अंधारात आई येऊन तोंडात धरून नेते. इथे वाचवणे म्हणजे हात मागे घेणे. याच्या उलट टोकाला हेमलकसा आहे. तिथे प्रकाश आमटे यांच्या अंगणात वाढलेल्या पिल्लांना परत जायला आईच नव्हती. विलास मनोहर यांचे 'नेगल' आपण वर्गात जिव्हाळ्याचे पुस्तक म्हणून शिकवतो. पण त्या जिव्हाळ्याच्या मुळाशी एक शिकार झालेली आई आहे, हे सांगायचे राहून जाते.

हे सारे आम्ही दाराला कडी लावून लिहीत आहोत, याचे भान आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन बळी घेतले. त्यांत दोन लहान मुले होती. त्या आईबापांपुढे जन्म नियंत्रण नियम आणि संशोधनपत्रिका घेऊन कोण जाणार? 'सगळे बिबटे उचला' ही त्यांची मागणी अडाणीपणाची म्हणता येत नाही, भले तिचा परिणाम जुन्नरने एकदा पाहिला असला तरी.

पालघर-ठाण्याच्या वारल्यांनी या भयाला जुन्या काळीच एक जागा दिली आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेच्या आसपास स्थाने नोंदवली गेली. वाघबारशीला त्याला नैवेद्य दिला जातो. यात कुणी हळवे निसर्गप्रेम शोधू नये. हा करार आहे: तुझे तुला, आमचे आम्हांला. त्यात पिंजरा नाही, आणि संपूर्ण अभयही नाही.

वसईच्या वाटेने एक बिबट्या पूर्वीही गेला होता. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्कर नराला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. त्याचा शांत स्वभाव पाहून नाव पडले 'आजोबा'. सुजय डहाके यांचा २०१४ चा चित्रपट त्याच्यावरच आहे. माळशेज त्याला मानवले नाही. तीनेक आठवड्यांत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालत, महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत तो वसईच्या बाजूला आला आणि खाडी पोहून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरला. या सबंध प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. वाटेवरचे २००३ साली घोषित झालेले तुंगारेश्वर अभयारण्य किंवा बोरिवलीचे उद्यान यांच्या सीमा त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या आपण आखलेल्या. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेलेला एक बिबट्या आढळला. कातडीखालची चिप तपासली, तेव्हा कळले की तो आजोबा आहे.