उमेदवारी: कोल्हापूरच्या चित्रशाळेपासून हिंगण्याच्या कारखान्यापर्यंत

१/ नागपूरजवळच्या हिंगण्यात औद्योगिक वसाहत आणि अभियांत्रिकी महाविद्यालये शेजारी शेजारी आहेत. शिक्षण संपत आलेला तेथील तरुण ‘इंटर्नशिप’ शोधू लागतो. कोणी यंत्रशाळेत, कोणी शहरातील जाहिरात संस्थेत. या अवस्थेला मराठीत जुना शब्द आहे: उमेदवारी. नवख्यांना कसे घडवावे आणि तयार झालेली माणसे कशी निसटतात, या दोन्हींचा धडा शंभर वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरात सापडतो. #इतिहास #थ्रेड

२/ फारसीतून आलेला ‘उमेद’ म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. पेढी, छापखाना, नाटक मंडळी, सर्वत्र रीत एकच: नवख्याने पडेल ते काम करायचे आणि पाहून शिकायचे. लेखी करार नसे, ठरलेली मुदत नसे. किती शिकवायचे आणि किती राबवायचे, हे मालकाच्या मर्जीवर असे.

३/ कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री (जन्म १८९०) याच रीतीत वाढले. थोरले चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक मंडळींचे पडदे रंगवत. त्या कामामुळेच त्यांना ‘पेंटर’ हे नाव चिकटले. दोघांनाही चित्रपटाचे वेड होते; परंतु १९१६ साली आनंदराव निवर्तले. अपुरे राहिलेले स्वप्न घेऊन बाबूरावांनी पुढच्याच वर्षी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली.

४/ चित्रपटाचे शिक्षण देणारी शाळा तेव्हा नव्हती. अनुभवी माणसे मिळणेही दुर्मीळ. म्हणून कंपनीलाच शाळा व्हावे लागले. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे चित्रशाळेतील शिष्य बाबूरावांबरोबर आले. कॅमेराही घरीच जुळवावा लागला. ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला, तेव्हा त्यामागील बहुतेक माणसे काम करता करताच शिकलेली होती.

५/ आता प्रश्न जाहिरातीचा. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) एक प्रसिद्ध जाहिरात छायाचित्रांची संख्या आणि फितीची लांबी सांगून प्रेक्षकांना बोलावत होती. भर शब्दांवर आणि आकड्यांवर. पण ज्याला अक्षरओळख नाही, त्या प्रेक्षकाला थिएटरपर्यंत कसे आणायचे?

६/ बाबूरावांचे उत्तर चित्रकाराचे होते. त्यांनी चित्रपटासाठी चित्ररूप भित्तिपत्रके काढली. कथा आणि छायाचित्रे असलेल्या माहितीपुस्तिका छापल्या. ‘वत्सलाहरण’ (१९२३) आणि ‘कल्याण खजिना’ (१९२४) यांची भित्तिपत्रके भारतीय चित्रपट-जाहिरातीच्या इतिहासात आजही आवर्जून सांगितली जातात.

७/ यातली मेख ध्यानात घ्यावी. जाहिरात हे येथे बाहेर सोपवलेले काम नव्हते. ज्या छताखाली पोशाखांची रेखाटने होत, नेपथ्य उभे राही आणि फीत धुतली जाई, त्याच छताखाली भित्तिपत्रकाची कल्पना जन्मत असे. वस्तू कशी घडते, हे उमेदवाराच्या डोळ्यांसमोर असल्याने ती लोकांपुढे कशी मांडावी, हेही त्याला उमगत असे.

८/ १९२० च्या सुमारास शांताराम राजाराम वणकुद्रे हा तरुण कंपनीत आला. हुबळी येथे रेल्वेच्या कार्यशाळेत आणि चित्रपटगृहात त्याने कामे केली होती. येथेही पडेल ते काम पत्करूनच सुरुवात झाली. ‘सुरेखाहरण’मध्ये (१९२१) तो पडद्यावर आला, ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) तरुण शेतकरी झाला आणि १९२७ साली ‘नेताजी पालकर’च्या दिग्दर्शनापर्यंत पोहोचला. हेच पुढचे व्ही. शांताराम.

९/ या पद्धतीचे बळ तीन गोष्टींत होते. काम खरे होते, सरावापुरते नव्हे. एकाच माणसाला अनेक विभागांतून जावे लागे. आणि गुरू स्वतः हातात कुंचला घेऊन शेजारी उभा असे. सात-आठ वर्षांत कॅमेरा, नेपथ्य, अभिनय आणि दिग्दर्शन सांभाळू शकणारी पिढी तयार झाली.

१०/ परंतु तयार झालेल्या माणसांचे पुढे काय करायचे, याचे उत्तर कंपनीपाशी नव्हते. कलेत अग्रेसर असलेली ही संस्था व्यवहारात डळमळत होती. शिष्य आता शिष्य राहिले नव्हते. त्यांना निर्णयात जागा हवी होती. अखेर १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर बाहेर पडले.

११/ सीताराम कुलकर्णी यांचे भांडवल घेऊन त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पाचही जण भागीदार. गुरूच्या घरी जे मिळाले नाही, ते त्यांनी करारातच लिहून घेतले. तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीची ‘प्रभात’ची मुद्रा लवकरच घरोघरी ओळखीची झाली. महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र फार काळ टिकली नाही.

१२/ ‘प्रभात’ १९३३ साली पुण्यास गेली. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ला (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला. पुढे गुरुदत्त यांनीही उमेदवारीचे दिवस येथेच काढले. कंपनी मिटली, पण १९६० साली त्याच आवारात केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कोल्हापूरच्या शिष्यांनी उभारलेला स्टुडिओ अक्षरशः शाळा झाला.

१३/ जाहिरातकलेचाही प्रवास तसाच. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात १९३० च्या दशकात व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि १९६१ साली उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. त्याच वर्षी संसदेने शिकाऊ उमेदवार कायदा केला. जे पूर्वी मालकाच्या मर्जीवर होते, त्याला करार, मुदत आणि विद्यावेतन यांची चौकट मिळाली. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारकही तिच्यात आले.

१४/ हिंगण्याच्या कारखान्यातील ‘अप्रेंटिस’ या चौकटीत उभा असतो. २०२४ साली राज्य शासनाने युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतनही ठरवले. हा हक्क मोलाचा आहे. तरीही खरे काम देणे, शेजारी उभे राहून शिकवणे आणि शिकलेल्यासाठी पुढची पायरी मोकळी ठेवणे, हे कायद्याने साधत नाही. बाबूरावांनी पहिल्या दोन गोष्टी मनापासून केल्या. तिसरी राहिली, आणि तिची किंमत त्यांच्या कंपनीने मोजली.