जनुकाची हद्द कुठे संपते?

जनुक म्हणजे एका प्रथिनाची रचना सांगणारा डीएनएचा तुकडा, ही व्याख्या पाठ्यपुस्तकांमुळे आपल्या मनात पक्की बसली आहे. तिचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून सिकलसेलकडे बोट दाखवले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीत या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. माझे म्हणणे असे की, ही व्याख्या नेमकी याच आजारापाशी अपुरी पडते.

पूर्वपक्ष कच्चा नाही. सिकलसेलचे हिमोग्लोबिनच वेगळे असते, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले. १९५७ साली व्हर्नन इन्ग्रम यांनी नेमका फरक सांगितला: बीटा साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. अकराव्या गुणसूत्रावरचे एक अक्षर बदलते आणि ऑक्सिजन सोडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के. लग्नाआधी रक्त तपासून घ्या, असे सांगणाऱ्या आरोग्यसेविकेला एवढी व्याख्या पुरते.

पण ‘एसएस’ असलेल्या, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलचे जनुक मिळालेल्या, सगळ्यांत बदललेले अक्षर तेच असताना एकाला वारंवार असह्य वेदना, तर दुसऱ्याला क्वचितच त्रास, हे कसे? उत्तराचा मोठा भाग त्या तुकड्याबाहेर आहे. भारतातील रुग्णांत सिकलच्या अक्षरासोबत बहुधा आणखी एक बदल येतो. गर्भातले हिमोग्लोबिन घडवणाऱ्या गॅमा जनुकाच्या १५८ अक्षरे आधी तो असतो. ती जागा कोणतेही प्रथिन सांगत नाही, तरी तिच्यामुळे गर्भातले हिमोग्लोबिन जन्मानंतरही अधिक प्रमाणात बनत राहते आणि पेशी वाकणे कमी होते. यावरून भारतीय सिकलसेल सौम्यच असतो, असे मात्र कुणी म्हणू नये. तीव्र झटके सोसणारी मुले विदर्भातही आहेत.

याहून निर्णायक दाखला १९८३ साली थॅलेसेमिया या हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आजाराच्या एका डच रुग्णात मिळाला. बीटा जनुक पूर्ण शाबूत होते. हजारो अक्षरे दूरचा डीएनए गळाला होता, आणि तेवढ्याने ते जनुक मुके झाले.

म्हणून जनुकाला कार्याचे एकक म्हणायचे, तर ते केव्हा आणि किती वाचले जावे हे ठरवणारा डीएनएही हिशेबात धरावा लागेल. अशाने व्याख्या ढिली होते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण आखीव हद्दीसाठी कार्यच वगळणारी व्याख्या अधिक सदोष. उपचारांनी तर ही हद्द केव्हाच ओलांडली आहे. हायड्रॉक्सियुरिया सिकलच्या अक्षराला हात लावत नाही, गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते. २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा उपचारही बीटा जनुक जसेच्या तसे ठेवतो. त्याची कात्री चालते ती दुसऱ्या गुणसूत्रावर, प्रथिन न सांगणाऱ्या एका नियंत्रक जागी.