बेबलप्लाट्झवरची रिकामी कपाटे

जुलैच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये 'क्रिस्टोफर स्ट्रीट डे'ची मिरवणूक निघते. तिच्यासाठी जाणाऱ्या समलिंगी प्रवाशाने एक सकाळ बेबलप्लाट्झला द्यावी, असे आम्हांस वाटते. फरसबंदीतल्या काचेखाली मिखा उल्मान यांनी रचलेली ग्रंथालयाची रिकामी कपाटे तेथे दिसतात. १० मे १९३३च्या ग्रंथहोळीच्या संदर्भात रेमार्क, फ्रॉइड ही नावे आपल्या ओठांवर असतात. माग्नुस हिर्शफेल्ड सहसा नसतो. वास्तविक त्याने १९१९ साली स्थापिलेली लैंगिकविज्ञान संस्था चारच दिवस आधी लुटली गेली आणि तिचे ग्रंथ याच आगीत पडले. इशरवुड या संस्थेला लागूनच राहत असे. 'गुडबाय टू बर्लिन'मधला (१९३९) त्याचा निवेदक मात्र स्वतःच्या ओढीविषयी मौन पाळतो. लेखक त्याविषयी मोकळेपणाने बोलला तो १९७६ साली!

हे मौन निव्वळ स्वभावाचे नव्हते. १९४५ साली सर्वांचीच सुटका झाली, ही समजूत भाबडी आहे. नाझींनी १९३५ साली कठोर केलेले कलम १७५ पश्चिम जर्मनीने १९६९पर्यंत जसेच्या तसे राबविले. पुढे ते सौम्य झाले, पण पुरते रद्द झाले १९९४ साली. म्हणजे पश्चिम बर्लिनमधली १९७९ची पहिली मिरवणूकही त्या कलमाच्या छायेतच निघाली होती.