नांव देणारे श्रोते

आवडत्या ग्रंथकाराचें वाचन ऐकावयास जावें आणि परततांना पुस्तकावर त्याची सही घेऊन यावें, ही हौस आतां सुशिक्षित कुटुंबांत चांगलीच रुजली आहे. ती छापील पुस्तकाच्या युगाची हौस होय. उत्तर कोकणांतील आगाशीसारख्या गांवीं देवळाच्या सभामंडपांत पुराणें आणि कीर्तनें ऐकणारांस सही मागण्याचें कारणच नव्हतें. पुराणिक वाची तें दुसऱ्याचें. श्रोता कानांत सांठवून नेई तो ग्रंथ, ग्रंथकर्ता नव्हे. हे दोघे समोरासमोर आल्यावर काय घडूं शकतें, याचें एक उदाहरण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत आहे, आणि तें सही घेणारांनीं अवश्य आठवावें असें आहे.

ज्या जळगांवाहून फडणीस यांचें ‘काव्यरत्नावली’ मासिक निघे, तेथें १९०७ सालीं कविसंमेलन भरलें. अध्यक्षस्थानीं डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. हे गृहस्थ पेशानें डॉक्टर व व्यासंगानें वनस्पतिशास्त्रज्ञ. औषधी वनस्पतींवरील त्यांचा आणि मेजर बसू यांचा इंग्रजी ग्रंथ पुढें १९१८ मध्यें प्रसिद्ध झाला. अशा विद्वान् अध्यक्षासमोर त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणावयास उभा राहिला. त्याच्या नांवावर तोंवर ग्रंथ नव्हता. परंतु ऐकणारांनीं कविता ओळखली, आणि कीर्तिकरांनीं त्या मुलास ‘बालकवि’ ही पदवी दिली. आज ठोमरे हें आडनांव पुष्कळांस आठवूनच सांगावें लागतें. ‘बालकवि’ म्हटलें कीं शाळेंतील मूलही ओळखतें.

या प्रसंगाचें मोल कळण्यास केशवसुतांची गोष्ट शेजारीं ठेवून पाहावी. आधुनिक मराठी कवितेचे हे जनक १९०५ सालीं वारले. त्यांच्या कवितांचें पुस्तक हरिभाऊ आपट्यांनीं काढलें तें १९१७ मध्यें. म्हणजे केशवसुतांच्या हयातींत, मनांत असतें तरी, त्यांच्या काव्यसंग्रहावर कोणास सही घेतां आली नसती! मासिकांच्या पानांतून जे थोडे रसिक त्यांस भेटले, तेवढाच त्यांचा श्रोतृवर्ग.

पुढें १९२३ सालीं पुण्यास रविकिरण मंडळ निघालें आणि काव्यगायनाला बहर आला. कविता घरोघर पोंचली, हा त्याचा मोठा लाभ. पण गळा गोड लागला कीं कविताही गोड भासूं लागते, हा धोकाही त्यांतूनच उद्भवला. अत्र्यांच्या ‘झेंडूचीं फुलें’ या १९२५ च्या विडंबनसंग्रहानें त्या काळच्या काव्यविलासाची यथेच्छ थट्टा केली. स्वातंत्र्योत्तर काळांत विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगांवकर या तिघांनीं गायन बाजूस ठेवून वाचन हातीं घेतलें आणि तें गांवोगांव नेलें. ऐकणाराचें लक्ष सुरावरून पुन्हा शब्दाकडे वळलें.

या सर्वांतून एक फरक ध्यानांत येतो. जळगांवीं सभेनें कवीला नांव दिलें. आज कवि आपलें नांव लिहून देतो व आपण तें घरीं नेतों. आपण त्याला भेटलों एवढेंच त्या सहीनें सिद्ध होतें. ऐकलें कीं नाहीं, याचा दाखला ती देत नाहीं. आगाशीच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हां लेखक म्हणजे दूरच्या शहरांतून येणारा पाहुणा, असें या भागानें समजण्याचें कारण उरलेलें नाहीं. पुढचा ठोमरे येथल्याच एखाद्या शाळेच्या बांकावर बसलेला असेल. त्याच्या नांवावर पुस्तक नसेल, म्हणून त्याच्यापुढें सहीसाठीं रांगही लागणार नाहीं.

बालकवि १९१८ च्या मे महिन्यांत, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, जळगांवानजीक भादली स्थानकावर आगगाडीच्या अपघातांत गेले. जळगांवच्या श्रोत्यांनीं अकरा वर्षें वाट पाहिली असती, तर तें नांव देण्यास कवि उरला नसता.