पणज्याचे नाव कोणत्या कागदात?

घोडेगावच्या महारवाड्यातील एखाद्या पणज्याचा शोध घ्यायचा झाला, तर खानेसुमारीत तो सापडत नाही. 1872 पासून इंग्रज सरकारने महारांची डोकी मोजली, जिल्हावार कोष्टके छापली. माणसांची नावे छापली नाहीत. 1948 च्या जनगणना कायद्याचे 15 वे कलम तर मूळ नोंदी पाहूच देत नाही.

अमेरिकेत 1850 आणि 1860 च्या गुलाम-याद्यांत नाव मालकाचे असे. गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण तेवढा लिहीत. 1870 च्या खानेसुमारीत मुक्त झालेली माणसे नावानिशी आली. त्यांचे वंशज आज तो कागद वाचू शकतात. आमच्या हाती तोही नाही.

म्हणून वृत्तपत्रांकडे वळावे लागते. 1842 साली नगरला निघालेला ‘ज्ञानोदय’, घोडेगावच्याच नेवासे तालुक्यातील तरवडीहून मुकुंदराव पाटलांनी चालवलेला ‘दीनमित्र’, बाबासाहेबांचे 1920 चे ‘मूकनायक’ आणि 1927 चे ‘बहिष्कृत भारत’. त्यांतील सभांची वृत्ते आणि गाऱ्हाणी नावे शोधत वाचली पाहिजेत.

तरीही खानेसुमारी टाकून देऊ नये. महाराष्ट्रात 1951 साली बौद्ध होते 2,487. 1961 साली 27,89,501. मधे 1956 ची दीक्षा आहे. पणज्याची जात गावाने ठरवलेली होती, तीच नोंदली गेली. नातवंडांनी मात्र दारात आलेल्या प्रगणकाला आपला धर्म स्वतः सांगितला. तो सांगणारी वृद्ध माणसे अजून वस्त्यांत आहेत. विद्यार्थ्यांनी आधी त्यांच्याकडे जावे. पणज्याचे नावही त्यांनाच ठाऊक असेल.